तंबाखू विकायला महापालिकेचा स्वतंत्र परवाना सक्तीचा करा

प्रति,
माननीय संपादक,
स. न.

महोदय,

३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. आपल्याकडे त्या दिवशी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. शपथा आणि फेऱ्या मोठ्यांच्या मोठ्यांत उरकतात, जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, शाळेजवळच्या टपऱ्यांचा धंदाही पुन्हा भरात येतो. शाळांमध्ये दंततपासणी करणारे डॉक्टर, माध्यमिक शाळांतले शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांवरचे पालक अशा आम्ही काही जणांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. मागणी एकच आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी तंबाखूच्या किरकोळ विक्रीसाठी स्वतंत्र परवाना सक्तीचा करावा आणि तो शाळांच्या नकाशाशी बांधावा.

कायदा नाही म्हणून मुलांना तंबाखू मिळते, असे नाही. सिगारेट व इतर तंबाखू उत्पादने कायदा, म्हणजे सरकारी कार्यालयांत ज्याला 'कोटपा' म्हणतात तो, २००३ चा आहे. कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत कोणालाच विकता येत नाही. गिऱ्हाईक १८ वर्षांचे आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. शंका आली तर त्याने वयाचा पुरावा मागायचा. विक्रीच्या ठिकाणी किमान ६० बाय ३० सेंटिमीटरचा इशाराफलक हवा. १८ वर्षांखालच्या मुलाने गल्ल्यावर बसून तंबाखू विकणेही चालत नाही, म्हणजे शाळा सुटल्यावर बापाच्या टपरीवर बसणारा मुलगासुद्धा यात आला. आजोबांनी पुडी आणायला पाठवलेल्या नातवाच्या हातात ती ठेवणे हाही गुन्हाच आहे, 'घरच्यांनी मागवली' ही सबब चालत नाही.

घोडे अडते ते दंडापाशी. कलम ६ मोडल्याचा दंड जास्तीत जास्त २०० रुपये, तोही २००३ पासून तेवढाच. नावाजलेल्या ब्रँडचे वीस सिगारेटींचे पाकीट आज याहून महाग आहे. कारवाई होते, पावती फाटते आणि संध्याकाळी टपरी त्याच जागी उभी असते. कारवाई करणाऱ्या शिपायाला किंवा निरीक्षकाला आम्ही दोष देत नाही. ज्या पावतीने काहीच बदलत नाही ती फाडायला पुन्हा पुन्हा कोण जाईल? दंड, तुरुंग आणि वयोमर्यादा यांत वाढ सुचवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२१ च्या सुरुवातीला हरकतींसाठी मांडला होता, त्याचा कायदा झालेला नाही. दिल्लीत तो कधी होईल तोवर महापालिकांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६ मध्ये ठरावीक व्यवसायांना परवाना लावण्याचा अधिकार पालिकेला आहे. परवाना दिला की अटी घालता येतात आणि अट मोडली की तो निलंबित किंवा रद्द करता येतो. विक्रेत्याला धाक याचा वाटतो, कारण दंड एका दिवसाच्या गल्ल्यातून निघतो आणि रद्द परवान्याने धंद्यातली ती वस्तूच जाते. हा विचार नवा नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते की तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक संस्थेमार्फत परवाने द्यावेत आणि त्या दुकानांत चॉकलेट, चिप्स, बिस्किटे, शीतपेये विकू देऊ नयेत. हिमाचल प्रदेशाने २०१६ मध्ये किरकोळ तंबाखूविक्रीवर नियंत्रण आणणारा आणि सुट्या सिगारेट-बिडीवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदाच केला. लखनौ महापालिकेने २०२१ मध्ये असा परवाना लागू केला.

चॉकलेटची अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणतीही टपरी सहावीतल्या मुलाच्या उंचीवरून बघा. पुढच्या फळीवर गोळ्या-लिमलेटच्या बरण्या आणि चिक्की, त्यांच्या बरोबर वर तारेला लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा, बाजूला पाच-पाच रुपयांच्या वेफर्सची पाकिटे आणि मागे सिगारेटींचे रंगीत खोके. मूल रोज गोळी घ्यायला येते. दुकानदार ओळखीचा होतो, पुडीचा रंग आणि भाव पाठ होतो. पहिली पुडी मागायला मग धाडस लागत नाही. मुलांच्या हाती सहज लागेल अशी तंबाखू मांडून ठेवू नये, असा नियम २०११ पासून आहे, पण 'सहज' म्हणजे किती यावर वाद घालता येतो. एकाच गाळ्यात खाऊ आणि तंबाखू नको, या अटीवर वाद घालता येत नाही. तपासनीसाला रस्त्यावर उभ्या उभ्या दिसते.

यात टपरीवाल्याच्या पोटावर पाय येतो, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. त्याने टपरी बंद करावी असे कोणी म्हणत नाही. शाळेजवळ असलेल्याने चहा, बिस्किटे, वह्या-पेन, मोबाइलचे रिचार्ज ठेवावे. तंबाखूच विकायची तर शाळेपासून लांब आणि खाऊशिवाय. पथविक्रेता कायदा २०१४ खाली ज्यांना प्रमाणपत्र मिळते त्यांच्यासाठी हीच अट शहर फेरीवाला समितीत घालावी, नाहीतर पक्क्या गाळ्याला एक न्याय आणि हातगाडीला दुसरा असे व्हायचे.

आता अंतराबद्दल थोडे सविस्तर, कारण प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. नियम सांगतो की हे अंतर शाळेच्या कुंपणभिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, चहूबाजूंनी, सरळ रेषेत मोजायचे. बहुतेक ठिकाणी ते मुख्य फाटकापासून आणि रस्त्याने चालत मोजले जाते. फरक किती पडतो ते पाहा. शाळेचा भूखंड ६० मीटर बाय ४० मीटर धरला तर भिंतीपासून मोजल्यावर शाळेसकट सुमारे ४७ हजार चौरस मीटर, म्हणजे साडेअकरा एकरांहून थोडा जास्त परिसर बंदीत येतो. फाटक हा एकच बिंदू धरला तर जेमतेम साडेसहा एकर उरतात. मागच्या गल्लीतली, छोट्या दाराजवळची टपरी अशी सुटते, आणि मुले मधल्या सुट्टीत जातात ती नेमकी तिकडेच. विक्रेता म्हणतो, 'वळसा घालून येईपर्यंत दीडशे मीटर होतात.' वळसा मोजायचाच नाही. मध्ये इमारत आहे म्हणून टेप लावता येत नसेल तर संगणकावर नकाशा उघडून भिंतीचा सर्वांत जवळचा कोपरा आणि दुकान यांतले सरळ अंतर काढावे आणि त्याची छापील प्रत तक्रारीला जोडावी. जागेवर मोजता येत असेल तर ३० मीटरची टेप तीनदा आणि वर दीड मीटर, एवढा सोपा हिशोब आहे.

नौपाडा, गोखले रोडसारख्या दाट वस्तीत शाळा एकमेकींना इतक्या जवळ आहेत की त्यांची वर्तुळे एकमेकांत शिरतात. म्हणून एकेका शाळेने आपापली तक्रार करत बसण्यापेक्षा पालिकेनेच विकास आराखड्याच्या नकाशावर सगळ्या शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींपासून ९१.४४ मीटरची कड आखावी. हे काम नगररचना विभागाकडे असलेल्या नकाशावर, कचेरीत बसून होते. त्या नकाशाबाहेरच परवाना द्यायचा. नकाशा संकेतस्थळावर राहिला तर नागरिकालाही घरबसल्या कळेल. नव्या शाळेला मान्यता मिळाली की नकाशा बदलला पाहिजे, हे काम कोणाचे तेही नावानिशी ठरवावे. नाहीतर दोन वर्षांत तो जुना होईल.

खासगी क्लासचा प्रश्न वेगळा आहे. कोटपाच्या नियमांत शिक्षणसंस्था म्हणजे मान्यताप्राप्त शाळा, महाविद्यालय, उच्च शिक्षणसंस्था. कोचिंग क्लास त्या व्याख्येत बसवायला गेले की वाद उभा राहतो, आणि आठवी-दहावीची मुले संध्याकाळचे तीन-तीन तास असतात ती क्लासच्या गल्लीत. परवान्याच्या अटीत पालिका क्लास, अंगणवाड्या, पालिकेची मैदाने आणि उद्याने स्वतःहून घालू शकते. परवान्याचा हा आणखी एक फायदा.

नवी मुंबईत रचना निराळी आहे. सिडकोच्या सेक्टरांत शाळेच्या भूखंडासमोर सोसायट्यांच्या तळमजल्याचे गाळे असतात. हे गाळे भाड्याने देताना भाडेकरारात 'तंबाखूजन्य पदार्थ विकणार नाही' एवढे एक कलम घालणे मालकांच्या आणि सोसायट्यांच्या हातात आहे. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.

शाळेभोवती १०० यार्डांची हद्द दाखवायला रस्त्यावर मारतात त्या पिवळ्या पट्ट्याबद्दलही सांगायला हवे. तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थेच्या केंद्रीय निकषांत १०० यार्डांची खूण करणे हा एक निकष आहे. हा पट्टा ओल्या रस्त्यावर धरत नाही, म्हणून तो मे महिन्यातच मारून घ्यावा. साधा रंग एका पावसाळ्यात जातो. मुख्य रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगसाठी जो थर्मोप्लास्टिक रंग वापरतात तोच वापरावा. रस्ता काँक्रीटचा होताना किंवा केबलसाठी खणताना पट्टा गेला की ठेकेदाराने तो परत मारायचा, ही अट खोदाईच्या परवानगीतच हवी. ठाण्यात प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडे आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात मुख्याध्यापकांनी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

सुटी सिगारेट हा मुलांचा मुख्य दरवाजा आहे. अख्खे पाकीट कोणत्याही शाळकरी मुलाच्या खिशाला परवडत नाही. एक सिगारेट परवडते, आणि पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा चित्रमय इशारा त्याच्या नजरेसही पडत नाही. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्येच सुट्या सिगारेट आणि बिडीच्या विक्रीवर बंदी घातली आहे. टपरीला बांधलेला लायटर किंवा धुमसती सुतळी आणि गल्ल्याशेजारी उघडे पाकीट दिसले की तिथे सुटी विक्री चालते हे समजून चालावे. परवाना असेल तर हा एकच मुद्दा निलंबनाला पुरेल.

तरीही महाराष्ट्रात धुरापेक्षा पुडी मोठी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरणारे आढळले. घरात मशेरी लावणारी आजी आणि तंबाखू मळणारा बाप रोज डोळ्यांसमोर असल्यावर मुलाला त्यात वावगे वाटत नाही. २०१९ च्या युवक सर्वेक्षणात देशातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होते, आणि बिनधुराची तंबाखू वापरून पाहिलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच ती तोंडात घातली होती. म्हणजे तिसरी-चौथी. आपली जनजागृती मात्र आठवीपासून सुरू होते.

गुटखा, पानमसाला राज्यात २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली बंद आहे; पुढे त्यात सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही आली. म्हणून हा बंदीचा माल टपरीवर उघड लटकत नाही. तो शेजारी लावलेल्या स्कूटरच्या डिकीत किंवा मागच्या पोत्यात असतो. मावा तर तिथल्या तिथे तयार होतो: कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून घोटायचा आणि रबर लावायचे. चुना चवीपुरता नसतो. त्याने तोंडातली अल्कता (आम्लतेच्या उलट गुण) वाढते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. तंबाखू नसलेली 'मीठी सुपारी' निर्धोक आहे, असे पालकही मानतात. तसे नाही. सुपारी स्वतः कर्करोगकारक आहे आणि गालाखालचे ऊतक ताठर होऊन तोंड उघडेनासे होण्याचा सबम्युकस फायब्रोसिस हा आजार मुख्यतः सुपारीने होतो. तो एकदा जडला की पूर्ववत होत नाही, आणि पुढे त्याच जागी कर्करोग होऊ शकतो. मुलाला स्वतःचीच तर्जनी, मधले बोट आणि अनामिका उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन बोटे बसत नसतील, वडापावाची चटणी एकाएकी झोंबू लागली असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी, दोरीसारखी ताठ लागत असेल तर दंतवैद्याकडे न्या. खिशात किंवा कंपासपेटीत पुडीचे दातांनी फाडलेले चिमुकले चंदेरी कोपरे सापडतात, तेही बघा. पुडी मुले टाकून देतात, कोपरा राहून जातो. शाळेनेही मागच्या भिंतीजवळचे गटार आठवड्यातून एकदा पाहिले, तर तिथे कोणत्या नावाच्या पुड्या पडतात त्यावरून माल कुठून येतो याचा अंदाज येतो. बंदी असलेला माल दिसला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. पेनड्राइव्हसारखे दिसणारे, यूएसबीवर चार्ज होणारे वेप, म्हणजे ई-सिगारेट, तर २०१९ च्या कायद्याने विकणे, साठवणे सगळेच बंद आहे. ते सहसा घरपोच पार्सलने येतात, म्हणून तिथे पालकांचेच लक्ष कामी येईल.

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ऐकायला हे जबरदस्त आहे, शाळांच्या फलकांवरही छापतात. पण २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. कडक शिक्षेचे कलम आणि तपासाची वाट बंद, अशी ही स्थिती आहे. कलम ७७ पुन्हा दखलपात्र करावे यासाठी ठाणे जिल्ह्यातल्या खासदारांनी संसदेत आवाज उठवावा. तोवर तक्रार करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. पुरावा म्हणून मुलाला पुडी आणायला पाठवू नये, तसे करणे म्हणजे आपणच त्याच्या हाती तंबाखू देणे. आणि मुलाचा चेहरा, गणवेशावरचे शाळेचे नाव दिसेल असा फोटो काढू नये, फिरवू तर मुळीच नये. तारीख, वेळ, टपरीची नेमकी खूण, मालाचे नाव, भिंतीपासूनचे अंतर आणि टपरीचा फोटो एवढ्यावर तक्रार भागते. मुलाचे वय सिद्ध करण्याची वेळ आली तर शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पुरते.

शाळांना एक विनंती. पुडी सापडलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले किंवा दाखला काढून न्यायला सांगितले, की बाकीची मुले लपवायला शिकतात आणि तो मुलगा टपरीच्या आणखी जवळ जातो. निकोटिनची तलफ आलेले मूल चिडते, त्याचे लक्ष उडते, डोके दुखते. पहिले काही दिवस सर्वांत अवघड असतात. पालकांना बोलावून, मुलासमोरच तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनला, १८००-११-२३५६ वर, फोन लावावा. निकोटिनचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते, ते १८ वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

परवाना पद्धत फसू शकते, तेही माहीत असलेले बरे. शुल्क हे उत्पन्नाचे साधन झाले की पालिका परवाने वाटत सुटेल. म्हणून प्रभागवार कमाल संख्या ठरवावी आणि शुल्काची रक्कम तपासणीवरच खर्च करावी. परवान्यावर क्रमांक आणि क्यूआर कोड नसेल तर एका परवान्यावर तीन टपऱ्या चालतील. पहिल्या उल्लंघनाला सात दिवस निलंबन आणि दुसऱ्याला रद्द, एवढेच दोन टप्पे ठेवावेत. मध्ये 'समज देणे' घातले की सगळे तिथेच अडकेल. परवाना रद्द झालेल्याच्या जागेवर घरच्याच दुसऱ्या माणसाच्या नावे नवा परवाना मिळू नये. तपासणी शाळा भरण्याच्या, मधल्या सुट्टीच्या आणि सुटण्याच्या वेळी व्हावी. दुपारी तीनला टपरीवर काहीच दिसत नाही.

दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांना आमचे मागणे असे: १५ जूनपूर्वी शाळांच्या भिंतींपासूनच्या ९१.४४ मीटरचा नकाशा जाहीर करावा, त्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस द्यावेत आणि परवान्याच्या अटींचा मसुदा त्यानंतरच्या पहिल्याच महासभेपुढे ठेवावा. मसुदा तयार करताना शिक्षण विभाग, आरोग्य विभाग, परवाना विभाग आणि पोलीस यांना एकत्र बसवावे. मोजणीसाठी आणि शाळानिहाय माहिती गोळा करण्यासाठी लागतील ती माणसे आम्ही शाळांतून देऊ.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही दंतवैद्य, शिक्षक आणि पालक